पूर्ण झाली की घेऊन जा

त्या माणसानं मला फसवलं. कोथरूडमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भर उजेडात, हातात चहाचा कप देऊन फसवलं. आणि तेही माझ्याच अटीवर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काही जणांना ते फार गोड गृहस्थ वाटतील. वाटू देत. फसवणूक ती फसवणूक.

माझा धंदा जुन्या मशिनरीचा. बंद पडलेल्या कारखान्यांतली लेथ, पंप, मोटारी उचलायच्या आणि ज्याला हव्यात त्याला विकायच्या. वाशिमहून पुण्यात आलो तेव्हा बिबवेवाडीत एका भंगारवाल्याकडे पोती वाहत होतो. आज त्याच गल्लीत माझी दोन गोडाउनं आहेत. घासाघीस मला कुणी शिकवली नाही. आवडलेल्या वस्तूकडे बघायचं नाही, नावडलेल्या वस्तूची चौकशी करायची आणि समोरचा विचारात पडला की उठून चालायला लागायचं, एवढ्यावर माझा संसार उभा आहे. भलेभले दलाल माझ्यापुढे हात टेकतात. आणि मला गंडवलं कुणी, तर एका निवृत्त माणसानं, ज्याला भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन शब्द बोलता येत नव्हते.

कोथरूडला एका सोसायटीत विलायती स्पोर्ट्‌स कार पडून आहे, असं कानावर आलं म्हणून गेलो. पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी लांबट होतं. ताडपत्री उचलली. दोन माणसांची जागा, छप्पर नाही, सामान ठेवायला डिकी म्हणावी तर त्यात दोन नारळ मावले असते. माल वाहायला शून्य उपयोग. मला काय झालं कोण जाणे, मी ताडपत्री परत नीट झाकली आणि खिशातल्या रुमालानं तिच्यावरची धूळ पुसली. ताडपत्रीवरची. धंद्यात आल्यापासून असला वेडेपणा मी केला नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार उघडणाऱ्याच्या गळ्यात रबरी नळी होती. मला वाटलं डॉक्टर आहेत.

"ती खालची गाडी आपली का?"

"गाडी खाली नाही," ते म्हणाले. "खाली पत्रा आहे. गाडी वर आहे. चपला काढून या."

आणि खरोखरच गाडी वर होती. गिअरबॉक्स जेवणाच्या टेबलाखाली. बंपर बाल्कनीत, त्यावर टॉवेल वाळत घातलेले. इंजिन बेडरूममध्ये काकूंच्या शिलाई मशीनशेजारी, त्यावर क्रोशाचा रुमाल. स्टिअरिंग कॅलेंडरच्या वरच्या खिळ्याला. मला बसायला त्यांनी गाडीचंच एक सीट दिलं, फळीवर ठोकलेलं. त्यात बसल्यावर माझे गुडघे कानांपाशी आले. ते स्वतः डायनिंगच्या उंच खुर्चीवर. आता ज्याचे गुडघे कानांपाशी आहेत त्यानं भाव पाडायचा कसा? ही चाल मी ओळखली, पण त्या सीटमधून उठता येईना.

"विकणार का?" मी विचारलं.

"गाडी विकतात. हे सुटे भाग आहेत."

"मग जोडून झाली की?"

ते छताकडे बघत बसले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून का कोण जाणे हसल्या. मी माझा नेहमीचा आवाज काढला. म्हटलं, "हे बघा काका, मी अर्धवट माल उचलत नाही. गाडी पूर्ण झाली की मीच घेणार. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. आणि भाव आजचा." भाव मी असा सांगितला की कुणीही शिव्या द्याव्यात.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पूर्ण झाली की घेऊन जा."

हातात हात दिला. जिना उतरताना मी शीळ घालत होतो. कमी भाव, दुसरं गिऱ्हाईक बाद, दुरुस्तीचा खर्च त्यांचा. असा सौदा जन्मात एकदा होतो.

पूर्ण म्हणजे काय, तेवढं ठरवायचं राहिलं. आणि सौदा करण्याआधी हा माणूस नोकरीत काय करत होता, तेही विचारायचं राहिलं. ते मला कळलं नंतर, काकूंकडून. एका मोठ्या कारखान्यात ते तपासणीला होते. बनून आलेला माल बघायचा आणि नाकारायचा, हे काम. जन्मभर तेच. निवृत्तीच्या दिवशी सत्काराचा नारळसुद्धा त्यांनी कानापाशी हलवून परत केला होता म्हणे, आत पाणी कमी आहे म्हणून.

"मी आयुष्यात कुठल्याही वस्तूला 'पास' म्हटलेलं नाही," ते अभिमानानं सांगायचे. "फार तर, 'आज दोष सापडला नाही' असं म्हणतो."

"मला बघायला आले होते तेव्हाही घरी जाऊन हेच म्हणाले," काकू आतून म्हणाल्या.

त्यांची बोलण्याची रीत उलटी होती. ओळख झालेल्या माणसांना अरे-तुरे, यंत्राला आपण. मला ते "शेठ" म्हणायचे, पण शेठ म्हणून पुढे "तो पाना दे, आणि उजेडातून हल." गंजलेल्या नटापुढे मात्र मांडी घालून बसायचे, दोन थेंब तेल सोडायचे आणि म्हणायचे, "आपण घाई करू नये. आम्ही चहा घेऊन येतो." चहा घेऊन येईपर्यंत नट सुटलेला असायचा. माझ्या गोडाउनमधले लोक असल्या नटाला घणानं बडवतात आणि आईबहिणीवरून बोलतात. मी एकदा नटाला "आपण" म्हणून पाहिलं. माणसं आठवडाभर हसत होती.

सोसायटीचे सेक्रेटरी एकदा नियमावली घेऊन खाली आले. "बंद गाडी पार्किंगमध्ये ठेवता येत नाही, असा ठराव आहे."

"बंद नाही. विश्रांती घेते आहे."

"ती चालू कधी होणार?"

"तुमच्या लिफ्टनंतर," काका म्हणाले आणि गाडीखाली सरकले. सेक्रेटरी जिन्यानं वर गेले.

तर मी दर रविवारी जायला लागलो. ठरलेल्या मालावर लक्ष ठेवायला, असं मी घरी सांगायचो. आणि गाडी लवकर पूर्ण व्हावी म्हणून लागेल ते आणून द्यायला लागलो. इथे त्यांनी मला पहिल्यांदा जवळजवळ वेडं केलं.

जुन्या बाजारात एका चादरीवर, नळाच्या तोट्या आणि मोडक्या इस्त्र्यांच्या मध्ये, मला गाडीला हवा होता तसा स्पीडचा मीटर दिसला. मी अर्थातच त्याच्याकडे बघितलं नाही. शेजारच्या टेबलफॅनचा भाव विचारला. फॅनला नावं ठेवली. उठलो, परत बसलो. मग सहज, कंटाळल्यासारखा, म्हणालो, "हे घड्याळ चालतं का?"

"शेठ, घड्याळ नाय, मीटर हाय. घेऊन जावा, द्या काय ते."

आता फक्त खिशात हात घालायचा होता. इतक्यात मागून काका वाकले. "अहो, तुम्हाला कल्पना नाही तुमच्याकडे काय आहे. हा मूळ मीटर आहे. असा आता मिळत नाही."

चादरवाल्यानं मीटर उचलून मांडीवर घेतला. "मग सांगा की काका, काय घेऊ?"

आणि काकांनी सांगितलं. त्याला हवा असता त्याहून किती तरी जास्त. मी तिथेच त्यांच्यावर ओरडलो. सगळा बाजार बघत होता. तोट्यावाला मला पाणी देत होता. परत येताना मी रिक्षात मुद्दाम दुकानांच्या पाट्या वाचत बसलो. ते मीटर मांडीवर घेऊन काच पुसत होते.

"भाव चुकीचा होता," शेवटी ते म्हणाले. "चुकीचा भाव हाही दोषच."

"अहो, आपल्या फायद्याचा चुकीचा होता."

"दोष कुणाच्या बाजूनं आहे, हे बघत नसतात, शेठ."

घरी आल्यावर त्यांनी तो मीटर उघडला, आतला काटा किंचित वाकडा आहे म्हणाले, आणि नाकारला.

आता त्या नळीबद्दल. या गाडीच्या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर असतात, एक पुढे, एक मागे. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारी ती दोन तोंडं. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. एकानं जास्त ओढली की इंजिन चालतं, पण कुरकुरत, एकत्र कुटुंबासारखं. यंत्रानं ते मोजता येतं म्हणे. काकांना यंत्र मान्य नव्हतं. रविवारी माझ्या गोडाउनची माणसं इंजिन पार्किंगमध्ये उतरवायची आणि लाकडी चौकटीवर ते चालू व्हायचं. ते नळीचं एक टोक कानात घालायचे, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. एक, मग दुसरा, परत पहिला. आणि मी छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्क्रूवर हात ठेवून ओणवा.

"पुढचा जरा कमी. अरे कमी म्हणालो, बंद नाही. तू काय पंप विकतोयस? केसाएवढा."

मग एका रविवारी त्यांनी नळी माझ्या कानात घातली. मला फक्त पत्र्याच्या फटीतून वारा यावा तशी सूऽऽ ऐकू आली. दोन्ही सारख्याच.

"सारख्या आहेत," मी म्हणालो.

"बहिरा आहेस. पुढच्या रविवारी ये."

असे बरेच रविवार गेले आणि एक दिवस मला ऐकू आलं. मागचा जरा जाड आवाजात ओढत होता. अगदी स्वच्छ. मी ओरडलोच, "मागचा, काका, मागचा." काकू गॅलरीतून वाकून बघायला लागल्या. मला इतका आनंद माझं पहिलं गोडाउन घेतलं तेव्हाही झाला नव्हता. आणि मग ते थांबेचना. गोडाउनमधले दोन एक्झॉस्ट फॅन सारखे फिरत नाहीत हे मला ऐकू यायला लागलं. एका गिऱ्हाइकाला पंप विकताना मी डोळे मिटून कान लावला आणि म्हणालो, "याचं बेअरिंग उद्या जाणार." तो म्हणाला, "शेठ, पंप तुमचा आहे, विकत मी घेतोय." विकायच्या मालाचा दोष मी स्वतः सांगितला. धंद्याला लागलेली ही पहिली वाळवी. याचाही हिशेब मी त्यांच्याच नावावर धरतो.

दसऱ्याला सगळ्या सोसायटीच्या गाड्या धुतल्या जातात, हार घालतात. काका दरवर्षी घरभर हिंडून भागाभागाची पूजा करायचे. टेबलाखाली वाकून गिअरबॉक्सला हळदकुंकू, बाल्कनीत बंपरला झेंडूचा हार. पण एका दसऱ्याला मी पोचलो तर घर मोकळं. गाडी खाली उभी. जोडलेली. हिरवी. मला वाटलं, आज मिळाली.

"बस," काका गाडीकडे हात करून म्हणाले. "बघू काय म्हणतायत त्या."

काकूंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, लिंबू चिरडलं आणि आम्ही निघालो.

मी ट्रकनं, टेम्पोनं, बैलगाडीनंसुद्धा प्रवास केलाय. पण जमिनीपासून वीतभर उंचीवर, डोक्यावर आभाळ आणि समोर काचेचा एवढासा तुकडा, असं मी कधी बसलो नव्हतो. सगळं पुणं मोठं झालं होतं. स्कूटरवाल्यांचे गुडघे आमच्या नाकासमोर. हॉर्न अजून नाकारलेल्या अवस्थेत असल्यामुळे "बाजू, बाजू" ओरडायचं काम माझं. आणि स्पीडब्रेकर आला की सायलेन्सर घासतो म्हणून मी उतरायचं, गाडी हलकी करायची, काका पलीकडे जायचे आणि मी धावत जाऊन उडी मारून आत बसायचं, कारण थांबलं तर त्या बंद पडतील. कोथरूडमध्ये स्पीडब्रेकर किती आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी धावतोय, पोट हलतंय, खिशातली आपट्याची पानं रस्ताभर उडतायत, आणि मी हसतोय. मला हसू आवरेना.

पौड रस्त्याला सिग्नलला बस शेजारी थांबली. कंडक्टर खिडकीतून डोकावला. "काका, छपराला पैसे कमी पडले का?"

"तुमच्याकडे आहे ना छप्पर," काका त्याच्याकडे न बघता म्हणाले. "गळतं ते."

अख्खी बस हसली. हिरवा दिवा पडला आणि काकांनी ॲक्सिलरेटर दाबला. तो आवाज मी कागदावर उतरवू शकत नाही. चांदणी चौकाच्या चढाला वाऱ्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, मी दोन्ही हात वर केले होते आणि ओरडत होतो. काय ओरडत होतो ते माहीत नाही. काका बहुतेक गात होते.

चढ संपला तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली. मान तिरकी केली.

"ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. पण मी म्हणालो, "नाही."

"पुढचा," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी गेलो तर गिअरबॉक्स टेबलाखाली, बंपरवर टॉवेल. इंजिनावर क्रोशाचा रुमालसुद्धा परत घातलेला. माझा तोल गेला. मी तरातरा खाली उतरून पार्किंगमधून जे बोललो ते ऐकायला प्रत्येक गॅलरीत माणूस आला होता. "शब्द दिला होतात," मी ओरडलो. "चालली ना गाडी? पळाली ना? मग?"

"चालली," काका वरून म्हणाले. "पण तू काय म्हणाला होतास? चालली की, का पूर्ण झाली की?"

"वर या, भाऊ," काकू म्हणाल्या. "पोहे गार होतायत."

मी वर गेलो. पोहे खाल्ले. इंजिन खोलायला मदत केली. दुसरं काय करणार?

पुढे काही वर्षांनी त्यांचे कान गेले. निदान तसं ते म्हणायचे. काहीही विचारलं की "काय?" काकूंनी कानाचं मशीन आणलं, ते त्यांनी शिट्टी वाजते म्हणून नाकारलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. नळी मात्र गळ्यात. आता ते नळी लावायचे आणि बराच वेळ तसेच उभे राहायचे. मी स्क्रूड्रायव्हर धरून वाट बघायचो.

आणि मग एका रविवारी सकाळी फोन आला. "शेठ, ये. पूर्ण झाली."

मी हार घेतला, पेढे घेतले, रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं की माझी गाडी तयार झालीये. पोचलो तेव्हा ताडपत्री घडी करून ठेवली होती. काकू औक्षणाचं ताट घेऊन बॉनेटपाशी उभ्या होत्या. काका हात पाठीमागे घेऊन, नवा शर्ट घालून. किल्ली गाडीतच होती. मी फिरवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली. काकांनी नळी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली.

"घेणारा तू. तू ऐक."

मी पुढच्याला लावली. मागच्याला लावली. परत पुढच्याला.

मागचा जास्त ओढत होता. केसाएवढा नाही, चांगला अर्धा आटा. पहिल्याच महिन्यात मलाही कळला असता एवढा. माझ्या तोंडात एकच शब्द हवा होता. "झाली" म्हणायचं, पेढा भरवायचा आणि बिबवेवाडीपर्यंत छप्पर नसलेल्या गाडीतून जायचं. ते नळीचं टोक बघत होते. मी माझ्या उभ्या आयुष्यात कितीतरी मालाला डोळे मिटून चांगलं म्हटलंय.

"काका," मी म्हणालो, "मागचा."

"काय?"

"मागचा जास्त ओढतोय. ही पूर्ण? हा असला माल माझ्या गळ्यात मारता?" माझा आवाज चढलाच.

"म्हणजे तू नाकारलीस?"

"नाकारली," मी हळूच म्हणालो.

ते हसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं तोंड भरून हसताना पाहिलं नव्हतं. पाठीमागचा हात पुढे आला, त्यात स्क्रूड्रायव्हर होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि एकटेच पेढ्यांचा पुडा उघडून खायला लागले.

घरी जेवताना माझा घास हातातच राहिला. गाडी पूर्ण झाली होती, तर त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर कशाला? ऐकू येत नव्हतं, तर मी "नाकारली" हळू म्हणालो ते कसं ऐकलं? पुढच्या रविवारी जाऊन तोंडावर विचारलं, "तो स्क्रू तुम्ही मुद्दाम फिरवला होतात का?"

"काय?" ते म्हणाले. "मोठ्यानं बोल."

तीनदा ओरडलो. तीनदा "काय?" त्यानंतर पावसाळा संपता संपता ते गेले. उत्तर न देता गेले.

गाडी अजून पार्किंगमध्ये आहे. काकू म्हणतात, "भाऊ, शब्द आहे. पूर्ण झाली की घेऊन जा." मी रविवारी जातो, ऐकतो, फिरवतो, वर हाक मारतो, "काकू, झाली." आणि ज्या बाईनं इतकी वर्षं "मला काय कळतंय त्यातलं" म्हणत पोहे केले, ती दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, नळीबिळी काही न लावता, मान तिरकी करून म्हणते, "पुढचा, भाऊ. जरासाच."

म्हणून हे लिहिलंय. काकू, तुम्ही त्या सकाळी मी यायच्या आधीपासून बॉनेटपाशी उभ्या होतात. त्यांचे कान खरंच गेले होते आणि त्यांनी मनापासून गाडी देऊ केली होती, असं असेल तर मी काय नाकारून बसलोय याचा मला विचारही करायचा नाही. तसं झालेलं नाही. मला फसवलं गेलंय, आणि ते तुमच्या डोळ्यांदेखत. विचारलं की तुम्ही म्हणता, स्क्रूड्रायव्हर तर त्यांच्या हातात झोपेतही असायचा. हे उत्तर नव्हे. पोहे नकोत, चहा नको. येत्या रविवारी खाली या, माझ्यासमोर उभ्या राहा आणि स्पष्ट सांगा, तो मागचा स्क्रू कुणी फिरवला?